रोशनीनं मोजलेला गंधार

चौक गाव मागे पडलं तेव्हा मंडळातल्या बाकीच्या बायका बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या आणि मागे आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि रोशनी. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, तिथे सेफ्टी पिन टोचून मी पाय ओढत चालले होते. रोशनी म्हणत होती की काकू, मी तुमच्यासाठी थांबलेय. पण मला वाटतं तिला मुद्दामच मागे राहायचं होतं. ती गुणगुणत होती, आणि ते इतर कुणी ऐकायला नको होतं.

दर माघी चतुर्थीला विचुंब्याहून महडच्या वरदविनायकाला पायी जायचं, हा आमच्या सोसायटीतल्या भजनी मंडळाचा नेम. रोशनी आमची पेटीवाली. आम्हा सगळ्यांत लहान, तिशीही गाठली नव्हती तेव्हा. ही गोष्ट दोन हजार दहाची.

तिची ती एकच ओळ होती. वर चढायची, एका जागी आली की अडखळायची. मग रोशनी मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. डावीकडचं इर्शाळगडाचं नेढं, ते कड्यातलं आरपार भोक, हळूहळू मागे गेलं, उसाच्या रसाची दोन गुऱ्हाळं गेली, तरी ओळ तिथेच. शेवटी मी म्हटलं, "अगं बाई, एवढ्यात माझी अथर्वशीर्षाची चार आवर्तनं झाली. तुझी गाडी एकाच स्टॉपवर का उभी?"

ती हसली. रोशनी हसली की आधी तिचे खांदे हसतात, मग चेहरा. "पुढे जातच नाही ना, काकू. आजीचा सूर आहे तो. माझ्या गळ्यात बसत नाही."

"आजी म्हणजे त्या मोरा बंदरातल्या?"

"हो, गुणाबाई. धवलारीण."

मी मूळची वाईकडची, मला धवलारीण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिनं चालता चालता सांगितलं. त्यांच्या कोळ्यांच्या लग्नात मांडव घालताना, हळद लावताना, नवऱ्याला न्हाऊ घालताना एक बाई धवले गाते. भटजी नंतर येतो, आधी धवलारीण. धवला झाला नाही तर जुनी माणसं लग्न लागलं असं मानतच नाहीत. उरणपासून करंजापर्यंत गुणाबाईला बोलावणं असायचं. वर्षापूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलते, पण नुसती हवा येते.

"आवाज गेला, जीभ आहे जागेवर," रोशनी म्हणाली. "मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, आजी, आता गायचं नाही. तर त्यालाच म्हणाली, मंग तुझ्या लग्नात काय टेप लावशील?"

अक्षय्यतृतीयेनंतर रोशनीच्या धाकट्या भावाचं, हितेशचं लग्न होतं. तिचे वडील धर्मराज यांनी खबरदारी म्हणून काशीरामचा बँड सांगून ठेवला होता. कीबोर्डवाला, गाणारी मुलगी, सगळं आलं त्यात. आजीनं ते ऐकलं आणि तिच्या त्या हवेच्या आवाजात जाहीर केलं, "हलदीला धवला घरचा झाला, तर मी मांडवात बसंन. नायतर मी आपली जेटीवर बसते. तुमी नाचा काशीरामबरोबर."

"आणि ती खरंच बसेल, काकू. ऊन असो की काही असो. नातवाच्या हळदीला आजी जेटीवर! बाबांना तर झोपच लागत नाही."

"मग तू गा की. तू तर शिकलेली, पेटी वाजवतेस."

"पेटीनंच तर घोळ केलाय." ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि माझ्यासमोर हाताचा पंजा धरून बोटांवर दाखवू लागली. "हा कोमल गंधार. हा शुद्ध गंधार. आजीचा सूर या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. तिथे पेटीला पट्टीच नाही, नुसती फट आहे. लहानपणी मी धवला शिकले नाही, लाज वाटायची. नंतर क्लासला पेटी शिकले. आता गायला गेले की माझा आवाज आपोआप जवळच्या पट्टीवर जाऊन बसतो. आजी म्हणते, तुझा सूर डब्यात भरल्यागत हाय."

"मग आता गं?"

"मी तो मोजणार आहे."

"सूर मोजणार? तो काय रवा आहे?"

"कॉम्प्युटरवर मोजणार. आकडा कळला की कुठे जायचं ते कळेल. मग येईल गळ्यात."

महडला पोचलो तेव्हा माझ्या सेफ्टी पिननं पिनेचं काम सोडून पायाला टोचायचं काम सुरू केलं होतं. तिथे गाभाऱ्यात आत जाऊन देवाला हात लावता येतो. मी नुसता नमस्कार केला, मला देवाजवळ फारसं मागता येत नाही. रोशनी मात्र मूर्तीच्या पायाशी वाकून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, देवाचा इंटरव्ह्यू झाला असेल तर आम्हाला येऊ द्या."

रोशनी उरणजवळच्या मोरा बंदरातली. आजोबांची होडी होती, वडील बंदरातल्या कामाला लागले, भाऊ कंटेनर यार्डात. घरात पहिली बारावी झालेली ती. पुढे पनवेलला राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि नवीन पनवेलला स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागली. तिच्या वर्गात कॉलेजची मुलं असत, तशा पन्नाशीच्या बायकाही असत. माऊस हातात धरायला घाबरणाऱ्या बायकांना ती सांगायची, "चिंबोरीच्या नांग्यांना हात घालता ना? मग हा तर चावतसुद्धा नाही." लग्न होऊन विचुंब्याला आली ती आमच्या समोरच्याच दारात. नवरा शैलेश तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर. माणूस भला, पण थट्टेखोर.

मी शाकाहारी आणि ती मोऱ्याची, त्यामुळे सुरुवातीला ती दबकून असायची. सुकट भाजली की दार लावून घ्यायची. एकदा मीच दार वाजवून म्हटलं, "रोशनी, वास दाराखालून येतोच आहे, तर दार उघडं ठेव, निदान तुझा चेहरा तरी दिसेल." तेव्हापासून आमची दारं उघडीच.

महडहून आल्यावर ती खरोखरच मोजायच्या मागे लागली. आधी आजीचा आवाज हवा होता. तो सापडला आत्याच्या मुलीच्या लग्नाच्या शूटिंगच्या सीडीत. कॅमेरावाल्याचं सगळं लक्ष नवरीकडे, पण आजी नेमकी त्याच्या कानाशी बसली होती. मध्ये एक पोर रडतंय, कुणीतरी "पाण्याचा ड्रम कुठं गेला?" म्हणून ओरडतंय, आणि त्या सगळ्यावरून गुणाबाईचा आवाज सरळ जातोय. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातली निवडायची मेथी तशीच राहिली. मधाळ नव्हता तो आवाज, खणखणीत होता. भर बाजारात ऐकू जाईल असा.

रोशनीनं त्यातला चांगला तुकडा कापून काढला. एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं, ते आवाज ऐकून आकडा सांगायचं. तिनं मला समजावलं, "आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. सेकंदाला किती वेळा थरथरतं, तो त्याचा आकडा. हा बघा आजीचा सा, दोनशे. आणि हा तो फटीतला गंधार, दोनशे पंचेचाळीस. म्हणजे सा पासून पंचेचाळीस वर. सापडला की नाही?"

मला काय कळणार, मी म्हटलं सापडला.

मग तिनं स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आजीचे सगळे सूर सा पासून किती वर आहेत ते आकडे त्यात भरले. तिचा स्वतःचा सा आजीपेक्षा उंच, दोनशे साठ. त्यात ते आकडे मिळवले. दोनशे साठ आणि पंचेचाळीस, तीनशे पाच. कॉम्प्युटर तो सूर वाजवून दाखवायचा आणि ती त्याच्याबरोबर गायची. आठवडाभरात असा घोटला की झोपेतून उठवलं तरी तीनशे पाच लावील.

पुढच्या रविवारी ती मोऱ्याला निघाली, मलाही बरोबर घेतलं. गुणाबाई ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, काळ्याभोर, नाकात नथीचं मोठं भोक. मला म्हणाल्या, "बसा. तुमाला वास लागंल, पण वाऱ्याच्या अंगाला बसा." रोशनी समोर मांडी घालून बसली आणि गायली. अगदी बरोब्बर, जसं घोटलं होतं तसं.

गुणाबाईनं मान वर केली. नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घोगऱ्या हवेत विचारलं, "कोन गेलं?"

"आजी!"

"नाय, इचारते. हलद लावतंस का तेराव्याचं रडतंस?"

शेजारच्या ओट्यावरची बाई पदर तोंडाला लावून हसत होती. रोशनीही हसली, पण खांदे हलले नाहीत. परतीच्या एसटीत तिनं वही काढून आकडे पुन्हा पुन्हा मिळवून पाहिले. गव्हाणफाट्याला पोचेपर्यंत एकच वाक्य बोलली, "आकडे तर बरोबर होते, काकू."

फाल्गुन लागला. मी कुरडयांचा चीक शिजवत होते. चीक ढवळायला घेतला की मध्ये हात थांबवता येत नाही, नाहीतर गुठळ्या. नेमकी तेव्हाच रोशनी धावत आली. पायात चप्पल नाही, हातात पेन.

"काकू, वजाबाकी नाही! पट! पट आहे ते!"

"कसली पट? लांब उभी राहा, चीक उडेल."

"ऐका ना. मी पेटीवरचे सगळे सा मोजले. खालच्या सप्तकातला एकशेतीस. मधला दोनशे साठ. वरचा पाचशे वीस. आता अंतर बघा. पहिल्या दोघांत एकशेतीसचं, पुढच्या दोघांत दोनशे साठचं. पण कानाला दोन्ही उड्या सारख्याच लागतात. का? कारण दर वेळी दुप्पट! कान वजाबाकी करतच नाही, काकू. कान पट मोजतो. आणि सा पासून प, कुठल्याही पट्टीत घ्या, साधारण दीडपट."

माझा हात ढवळतच होता आणि तोंडातून आपोआप निघालं, "एक दिडं दीड, दोन दिडं तीन, तीन दिडं साडेचार, चार दिडं सहा..."

"हा कसला मंत्र?"

"दिडकी. आम्हाला शाळेत पाठ करावी लागायची. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी."

"आम्हाला नव्हतं हे," ती म्हणाली. "सवायकी म्हणजे सव्वापट ना? म्हणा बरं."

"एक सव्वा सव्वा, दोन सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार, चार सव्वा पाच."

तिनं पेन माझ्या ओट्यावर आपटलं. "सव्वा म्हणजे गंधार! तानपुऱ्यातून ऐकू येतो तो शुद्ध गंधार सा च्या सव्वापट असतो. मी कालच वाचलं. काकू, तुम्ही शाळेत सा ग प म्हणत होतात!"

आमच्या गुरुजींनी छडी घेऊन सवायकी पाठ करून घेतली होती, पण हे गाणं आहे असं काही त्यांनी सांगितलं नव्हतं. मला इतकं हसू आलं की चिकात दोन गुठळ्या झाल्याच.

मग तिनं तिथेच, माझ्या पिठाच्या डब्यावर कागद ठेवून हिशेब मांडला. आजीचा सा दोनशे, त्याची सव्वापट अडीचशे. आजी लावते दोनशे पंचेचाळीस, म्हणजे सव्वापटीला जरासा कमी. तीच पट रोशनीच्या दोनशे साठला लावली तर येतात तीनशे साडेअठरा. ती गात होती तीनशे पाच. कोमल गंधाराच्याही खाली घसरली होती.

"म्हणून आजीला मयत दिसलं," ती म्हणाली. आता खांदेही हसत होते.

पण एवढ्यानं झालं नाही. प्रोग्रॅम तिनं पटींवर बेतला खरा, पण आवाज काढायला कॉम्प्युटरातला तयार पियानो वापरला. त्या पियानोला सुरांचे पूर्ण आकडेच समजत. सा म्हणजे शून्य, मग पट्टीगणिक एक एक वर, कोमल गंधार तीन, शुद्ध गंधार चार. आजीचा सूर पडत होता साडेतीनच्या आसपास. साडेतीनला पियानोकडे घरच नव्हतं, प्रोग्रॅमनं त्याचे चार करून टाकले. रोशनीच्या ते लक्षातच आलं नाही. तिनं चारच घोटला आणि आजीला फोन लावून गाऊन दाखवला. मी शेजारीच होते, स्पीकर चालू होता.

आजी म्हणाली, "यो तर काशीरामचा बँड. मना फोन कला केलास? त्यालाच कर."

शैलेश पहिल्या पाळीहून येऊन जेवत होता. तो म्हणाला, "आजेसासूबाईंना फसवणं कॉम्प्युटरच्या बापाला जमणार नाही."

"गप्प जेव तू."

"जेवतोय की. मी फक्त म्हणतोय, साडेतीनचे चार केले तर पगारात चालतं, सुरात नाही चालत."

रोशनी त्याच्याकडे बघतच राहिली. "काय म्हणालास?" मग त्याला वाढायचं सोडून कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. शैलेश मला म्हणाला, "बघा काकू, इतक्या वर्षांत बायकोनं माझं एक वाक्य मनावर घेतलं."

तिनं मग प्रत्येक पट्टीचे शंभर भाग पाडले. त्या बारीक भागांना सेंट म्हणतात म्हणे. कोमल गंधार तीनशे, शुद्ध गंधार चारशे, सप्तक पुरं होतं बाराशेला. धर्मराज कोळी यांची आई गुणाबाई, मुक्काम मोरा, यांचा गंधार तीनशे एक्कावन्न. हे तिनं स्क्रीनवर असंच टाईप केलं होतं, पत्त्यासकट. पियानो काढून टाकला आणि आवाजही स्वतःच तयार केला. तो काही फार गोड नव्हता. शैलेश म्हणायचा, "हा डास कुठल्या रागातला?"

पुढचे दिवस आमच्या मजल्यावर आनंदाचे गेले. तिनं प्रोग्रॅममध्ये आणखी एक सोय केली. माइकसमोर गायलं की स्क्रीनवर तुमच्या सुराची रेघ सरकायची, आणि तीनशे एक्कावन्नवर एक हिरवी रेघ आखलेली. तिची रेघ हिरवीवर बसली की मी टाळी वाजवायची, हे माझं काम. सुरुवातीला तिची रेघ दर वेळी चारशेकडे पळायची. पेटीची सवय. मी ओरडायची, "अगं, वर चाललीस, खाली ये, खाली." एकदा माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि तीही रेघ बनून स्क्रीनवर उमटली. मंडळातल्या बायकांना हे कळलं तसं एकेक जण आपापला आवाज बघायला यायला लागली. एक बाई स्वतःला फार सुरेल समजायच्या, त्यांची रेघ बघितली तर कर्नाळ्याचा घाट. त्या म्हणाल्या, "माइक जुना आहे तुझा."

मीही गायले. मला आवडायला लागलं होतं. देवापुढे म्हणते तसंच म्हणायचे, डोळे मिटून. रोशनी धवला म्हणायची आणि तिच्यामागून मी तीच ओळ, म्हणजे तिला एकटं वाटू नये. 'खाडीचं पाणी आना गो बाय, नवऱ्याला माझ्या न्हाना गो.' आमच्या घरात हे पूजा करताना मध्येच माझ्या तोंडात यायला लागलं. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "कुठल्या देवाची आरती ही?"

एक गोष्ट मात्र तिला पुरेना. सीडीतला आजीचा गंधार प्रत्येक वेळी तीनशे एक्कावन्न नव्हता. सूर वर चढताना तो तीनशे साठाच्या पुढे जायचा, उतरताना तीनशे चाळिसापर्यंत यायचा. रोशनीला वाटलं मोजण्यात चूक आहे. तिनं पुन्हा मोजलं, तिबार मोजलं. तेच. आजीला फोन केला तर म्हणाली, "मना काय इचारतंस, मी काय आकडं लावून गात व्हते? भरती येताना पानी जिथं लागतं तिथंच व्होटीला असतं का?" मग रोशनीनं एकाच गंधाराच्या दोन रेघा आखल्या, जातानाची आणि येतानाची. आणि मला म्हणाली, "काकू, आता हे आकडे विसरायचा अभ्यास." त्या दिवसापासून ती डोळे मिटून गायची, आणि रेघ बघायचं काम माझ्या एकटीचं.

चैत्र संपत आला तेव्हा आम्ही पुन्हा मोऱ्याला गेलो. हितेशच्या हळदीला फार दिवस राहिले नव्हते. घरापुढे मांडवाचे बांबू येऊन पडले होते. धर्मराजभाऊ आमच्याकडे न बघता बांबूंकडे बघत म्हणाले, "आलीस? बस. तुझी आजीस सकालपासून जेटीवरची जागा झाडते." ते गमतीनं म्हणाले की खरं, ते मला कळलं नाही.

गुणाबाई ओट्यावर होत्या, पुढ्यात कोलंबीचा ढीग. आजूबाजूला शेजारच्या तीन-चार बाया सोलायला बसलेल्या. माझ्यासाठी वाऱ्याच्या अंगाला आधीच पाट मांडून ठेवला होता.

रोशनी बसली. तिच्या हाताला घाम आला होता, ओढणीला पुसत होती. कॉम्प्युटर नव्हता, पेटी नव्हती, काहीच नव्हतं. आजी म्हणाली, "बोल. कोनाचा तेरावा हाय आज?"

बाया हसल्या. मी मनात गणपतीचं नाव घेतलं.

रोशनीनं डोळे मिटले आणि सूर लावला. ओळ चढत गेली. ती जागा आली. मला समोर कोलंबी दिसत नव्हती, रेघ दिसत होती. तिथे रोशनीचा आवाज थांबला नाही, अडखळला नाही. फटीत सरळ आत गेला आणि उतरून सा वर येऊन बसला.

गुणाबाईच्या बोटांत अर्धी सोललेली कोलंबी होती. ती तशीच राहिली. रोशनीनं एक डोळा उघडून आजीकडे पाहिलं.

"थांबलीस कला?" आजी म्हणाली. "फुडली ओल कोन बोलंल, तुझी सासू?"

रोशनी गायली. दुसरी ओळ, तिसरी, मग नवऱ्याला न्हाणाऱ्या बायकांची नावं घेतात ती ओळ. गुणाबाईचे ओठ हलत होते. आवाज अजिबात नव्हता, पण गळ्याची शीर प्रत्येक सुराबरोबर वर-खाली होत होती. तिसऱ्या ओळीला तिनं हातातली कोलंबी टोपलीत टाकली आणि मासळीच्याच हातानं रोशनीचा गाल धरला. "हां. आता लागंल हलद."

रोशनीच्या गालाला कोलंबीची साल चिकटली होती. ती काढायचंही तिला सुचलं नाही. धर्मराजभाऊ मांडवाच्या बांबूआडून मोबाईलवर जोरजोरात बोलत होते, "काशीराम, ऐक. वरातीला ये. व्हय, वरातीलाच. हलदीला नको. नाय रे, रागावलो नाय, घरात धवलारीण हाय आमच्या!" शेजारच्या एकीनं विचारलं, "गुणाआये, मग तू जेटीवर नाय जायाची?" तर म्हातारी म्हणाली, "जाईन की. काशीरामला बोटीत बशिवला की परत येईन."

चहा आला. मला कोरा, त्यांना दुधाचा. घोट घेता घेता गुणाबाई एकदम गंभीर झाल्या.

"पन एकीच्या तोंडानं धवला व्हत नाय, पोरी. एकीनं बोलायचं, दुसरीनं झेलायचं. माझ्यामागं सुमती झेलायची. तिला आता ढोल वाजला तरी आयकू येत नाय." त्यांनी शेजारणींकडे पाहिलं. "तुमच्यातली कोन?"

"आमी?" एक जण म्हणाली. "आमाला डीजे लावा, मंग बगा."

दुसरी म्हणाली, "माझा सूर निंगाला तर नवरा मांडवातून पलंल."

सगळ्या पुन्हा कोलंबी सोलायला लागल्या. धर्मराजभाऊंनी मोबाईल खिशात ठेवता ठेवता पुन्हा बाहेर काढला. रोशनी मात्र त्या कुणाकडे बघतच नव्हती. चहाचा कप खाली ठेवून ती गुडघ्यांवर सरकत माझ्या पाटापाशी आली. गालाला ती साल अजून तशीच. मला म्हणाली,

"काकू, तो गंधार माझ्याशिवाय फक्त तुमच्या कानात बसलाय. हळदीला माझ्या बाजूला बसाल? मी ओळ टाकली की तुम्ही झेलायची. खाली पडू द्यायची नाही."